मामाचा सॅक्स आणि पुण्याची हवा

सॅक्सोफोन पितळेचा असतो, आणि पुण्यात पितळ दिसलं की हात पितांबरीकडे जातोच. माझी मावशी दर दिवाळीत फोन करते, "समया घासायला काढल्यात गं, तुझा तो भोंगा पण आणून टाक, लख्ख करून देते." तिच्या समयांत खरंच चेहरा दिसतो. पण सॅक्सची पेटी मी त्या आठवड्यात पलंगाखाली सरकवून ठेवते.

सॅक्सच्या पितळेवर लॅकरचा पातळ पारदर्शक थर असतो. भांड्याला आतून कल्हई, तसा हा बाहेरून. पितांबरी, चिंच, ब्रासो, लिंबू-मीठ, काहीही घासलं तरी आधी तो थर निघतो आणि मग उघड्या पितळेवर घामाचे डाग पडायला लागतात. त्याहून वाईट म्हणजे पावडर. समईला बिजागऱ्या नसतात, सॅक्सला वरपासून खालपर्यंत आहेत. त्या बारीक नळ्यांमध्ये पावडर गेली की तेलाशी मिसळून घट्ट बसते आणि की, म्हणजे बोटाने दाबायची कळ, वर यायला कुरकुरते. वाजवून झालं की मऊ सुती फडक्याने बोटांचा घाम पुसायचा, बास. लॅकर उडालं तर उडालं. माझ्या सॅक्सवर डाव्या तळव्याजवळचं सगळं गेलंय, पण त्यामुळे कार्यक्रमाचं बोलावणं यायचं थांबलेलं नाही.

हा सॅक्स मुळात मामाचा. मामा लग्नाच्या बँडमध्ये वाजवायचा, कसब्यात राहायचा, आणि त्याने एका निवृत्त होणाऱ्या वादकाकडून हा यामाहाचा अल्टो, म्हणजे मधल्या आकाराचा सॅक्स, जुनाच विकत घेतला होता. म्हणजे माझ्या हातात आला तेव्हा त्याने दोन मालक, असंख्य वराती आणि गणपतीच्या मिरवणुका पाहिल्या होत्या. मी दिवसा एका पतसंस्थेत हिशेब बघते आणि शनिवार-रविवारी जुन्या हिंदी गाण्यांच्या ऑर्केस्ट्रात सॅक्स वाजवते. कधी बालगंधर्वला, कधी कोथरूडला यशवंतरावला, कधी कुणाच्या साठीशांतीला. सॅक्स हातात देताना मामाने तो कसा वाजवायचा हे फार सांगितलंच नाही. आधी तो कसा पुसायचा हे दाखवलं. मी उत्साहाने वरून फडकं फिरवत होते, तर म्हणाला, "बाहेरनं काय पुसतीस गं बाळ, बाहेरनं काय होत नाय त्याला. आतनं पूस."

या लेखात मी जे काही सांगणार आहे ते या एका वाक्याभोवतीच आहे.

अडॉल्फ सॅक्स या बेल्जियन माणसाने १८४६ मध्ये पॅरिसला या वाद्याचं पेटंट घेतलं. अंग पितळेचं असलं तरी आवाज रीडमधून, म्हणजे बोरूसारख्या वनस्पतीच्या पातळ पातीतून निघतो, म्हणून जाणकार याला क्लॅरिनेटच्या कुळात बसवतात, ट्रम्पेटच्या नाही. हे नुसतं सामान्यज्ञान नाही, निगेचा सगळा फरक इथेच आहे. ट्रम्पेट पाण्याने धुता येतो. सॅक्स धुता येत नाही, कारण त्याच्या नळीला वीसहून जास्त भोकं आहेत आणि प्रत्येक भोकावर एक झाकण. झाकणाच्या आत पॅड असतं: पुठ्ठा, त्यावर लोकरीचा नमदा, त्यावर पातळ चामडं, आणि हे सगळं वाटीत लाखेने किंवा गरम गोंदाने चिकटवलेलं. अल्टोवर अशी पंचवीसच्या आसपास पॅड असतात. पितळ सहजासहजी मरत नाही. मरतं ते चामडं. पॅड भोकावर चपखल बसलं नाही की हवा निसटते आणि खालचे सूर फाटतात, गुळगुळतात किंवा लागतच नाहीत. मनोहारी सिंग यांनी हिंदी सिनेमासाठी वाजवलेले ते मखमली तुकडे आमच्या प्रत्येक कार्यक्रमात असतात. ते खालच्या पट्टीत, हलक्या फुंकेने वाजवायचे म्हणजे एकाही पॅडने दगा देऊन चालत नाही. जोरात फुंकून गळती लपवता येते, हळू फुंकताना नाही.

तर आतून पुसणं. वाजवताना आत जे पाणी जमतं ते लोकांना थुंकी वाटते. बरंचसं ती नसते, आपल्या श्वासातली वाफ गार धातूवर जमते. अर्ध्या तासाच्या रियाजानंतर भोंगा उलटा केला तर चांगलं चमचाभर निघतं. मामाचं फडकं म्हणजे आजोबांच्या जुन्या धोतराचा तुकडा, त्याला लांब दोरी आणि दोरीच्या टोकाला कापडात शिवलेलं शिशाचं वजन. वजन बेलमधून, म्हणजे पुढच्या रुंद तोंडातून आत सोडायचं, सॅक्स उलटा करायचा, वजन निमुळत्या टोकातून बाहेर येतं, मग दोरी हळू ओढायची. दोन-तीनदा. विकतची रेशमी फडकी मिळतात, तीही चांगली आहेत. पण जाडजूड फडकं नको, कारण वरच्या भागात ऑक्टेव्हच्या, म्हणजे सूर वरच्या सप्तकात नेणाऱ्या, भोकाची एक छोटी नळी आत डोकावते, तिथे फडकं अडकलं की पुढेही जात नाही आणि मागेही येत नाही. आमच्या ऑर्केस्ट्रातल्या टेनरवाल्याचं (टेनर म्हणजे अल्टोहून मोठा सॅक्स) अडकलं होतं, कार्यक्रमाला तासभर राहिलेला. त्याने ओढून बघितलं, ते आणखी घट्ट बसलं. शेवटी मागच्या बाजूने लाकडी दांडीने हळूहळू ढकलून काढलं.

नेकसाठी, म्हणजे तोंडात धरायचा माउथपीस ज्यावर बसतो त्या वरच्या वाकड्या नळीसाठी, वेगळं छोटं फडकं. नेकमध्ये सगळ्यात जास्त पाणी जमतं आणि आम्ही सगळ्यात कमी तिथेच पुसतो. पितळ म्हणजे तांबं आणि जस्त. सतत ओल राहिली की त्यातलं जस्त निघून जातं आणि गुलाबी-लालसर ठिपके उरतात. वरून ठिपका दिसला म्हणजे बऱ्याचदा आतून काम बरंच पुढे गेलेलं असतं. महिन्यातून एकदा नेक कोमट पाण्याने, साबणाच्या एका थेंबाने आणि लवचीक ब्रशने आतून धुते, फक्त वरचं ऑक्टेव्हचं पॅड भिजू द्यायचं नाही.

नळीत कायम ठेवायची ती लांब केसाळ काठी मिळते, पॅडची काळजी घेणारी म्हणून विकतात. मला ती पटत नाही. फिरवा आणि बाहेर काढा, ठीक आहे. पण तशीच आत ठेवून पेटी बंद केली की सगळी ओल रात्रभर पॅडना चिकटून राहते. पुण्यात जूनपासून सप्टेंबरपर्यंत तरी हे अजिबात करू नये.

आता चहा. नाट्यगृहातलं मध्यंतर म्हणजे बटाटावडा आणि चहा, हे कुणी टाळायला सांगितलं तर मी वाद्य सोडीन. पण अमृततुल्यमधला तो दाट गोड चहा पिऊन लगेच फुंकलं की साखर थुंकीबरोबर आत जाते आणि पॅडवर वाळते. वाळली की पॅड भोकाला चिकटतं. नेहमी बंद असणाऱ्या कीजना हा त्रास जास्त: जी शार्प, खालचा सी शार्प, खालचा ई फ्लॅट. त्यातही जी शार्प तर ठरलेला. त्याचं झाकण त्याच्या स्वतःच्या अगदी कमकुवत स्प्रिंगने उघडतं, बोटाची पट्टी फक्त त्याला मोकळं करते. म्हणजे पॅड जरासं चिकटलं की तुम्ही कितीही जोरात दाबा, झाकण उघडतच नाही आणि जी शार्पच्या जागी साधा जी वाजतो, तोही नेमका गाण्याच्या सगळ्यात नाजूक जागी. वडा खा, चहा घ्या, मग दोन चुळा भरा आणि मगच विंगेत या. मी आमच्या नव्या मुलांना हे सांगते तेव्हा ती मान डोलावतात आणि बिस्किट खात खात स्टेजवर जातात.

चिकटलेल्या पॅडला सिगारेटचा कोरा पातळ कागद. पानटपरीवर मिळतो. साडी नेसलेल्या, डोक्यात गजरा माळलेल्या बाईने फक्त कागद मागितला की टपरीवाला एकदा बघतो. बघू दे. कागद पॅड आणि भोकाच्या मध्ये ठेवायचा, की हलकेच दाबायची, सोडायची, कागद सरकवून कोरी जागा आणायची, परत दाबायची. ओल आणि चिकटा कागदावर उतरतो. दाबून धरलेला कागद ओढू नये, चामडं खरवडतं. टाल्कम पावडर टाकणारे पुष्कळ आहेत, त्या दिवसापुरतं भागतं, पण पुढच्या महिन्यात त्याच पावडरीचा लगदा काढत बसावं लागतं.

रीड वाजवून झाल्यावर काढून, पुसून, सपाट डबीत ठेवायची. माउथपीसवर तशीच ठेवली तर टोक वाकतं, आणि पावसाळ्यात चार दिवसांत काळी बुरशी धरते. ती परत तोंडात घालायची असते, एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे. माउथपीस बहुतेकांचा एबोनाइटचा असतो. म्हणजे गंधक घातलेलं कडक रबर. गरम पाणी आणि ऊन या दोन्हींनी तो हिरवट-तपकिरी पडतो आणि गंधकाचा वास सुटतो. नळाच्या साध्या पाण्याने, मऊ ब्रशने धुवायचा. गॅलरीत वाळत घालायचा नाही.

नेक वाकण्याबद्दल जरा सविस्तर सांगायला हवं, कारण पुसण्याबद्दल सगळे बोलतात, याबद्दल कमी. घाईत असलेला वादक नेक आधी सॅक्सला जोडतो आणि मग माउथपीस त्यावर दाबून बसवतो. नेकच्या टोकाचं कॉर्क कोरडं असेल तर जोर लावतो. त्या जोराने नेक रोज केसभर खाली झुकतो. वर्षा-दोन वर्षांनी बाजूने बघितलं की वळण बसकं दिसतं, नळीचा गोल लंबगोल होतो आणि वरचे सूर बिघडतात. माउथपीस आधी नेकवर चढवायचा, नेक हाताच्या मुठीत धरून, ऑक्टेव्हच्या दांडीला न पकडता, कॉर्कला थोडं ग्रीस लावून. मग स्क्रू सैल करून नेक सॅक्समध्ये बसवायचा. स्क्रू बोटाने लागेल एवढाच. कोरड्या एप्रिलमध्ये कॉर्क आकसतं, माउथपीस डुगडुगतो, म्हणून कुणी त्यावर प्लंबरची पांढरी टेप गुंडाळतात. त्या कार्यक्रमापुरतं चालेल, नंतर कॉर्क बदलून घ्या, ते काम स्वस्तातलं आहे.

सॅक्स पेटीतून उचलायचा तो बेलला धरून. कीजच्या दांड्यांना धरून उचलला की दांड्या वाकतात. डोळ्यांना दिसणारही नाही इतक्या, पण पॅडला ते कळतं. आणि पेटीत सॅक्सशिवाय सुटं काही नको. गाण्यांची वही झाकणात कोंबली की ती बंद पेटीत कीजवर दाब देत बसते. वरच्या तोंडाला लावायचं प्लास्टिकचं बूच फालतू वाटतं, बरेच जण हरवतात. ते ऑक्टेव्हच्या पिनेला पेटीत धक्का लागू नये म्हणून असतं. मामाचं मूळ बूच अजून माझ्याकडे आहे.

पुण्यात वाद्य न्यायचं म्हणजे दुचाकीवरून. अल्टो अडीच किलोच्या आसपास, पेटीसकट पाठीवर सहज बसतो. मी पाहिलंय की लोक पेटी अॅक्टिव्हाच्या पायाजवळ उभी ठेवतात आणि गुडघ्यांनी धरतात. प्रत्येक स्पीडब्रेकर आणि खड्डा थेट वाद्याला लागतो, स्क्रू हळूहळू सैल होतात, एखादा पडतोच. पाठीवर घ्या, शरीर धक्का खातं. अशी वाहतूक असेल तर दोन-तीन महिन्यांनी छोट्या स्क्रूड्रायव्हरने सगळे स्क्रू नुसते तपासा, आवळू नका, सैल असेल तेवढाच टेकवा. आणि गाडीच्या डिकीत मे महिन्याच्या दुपारी कधीच ठेवू नका. लाख मऊ होते, पॅड वाटीत सरकतात, आणि संध्याकाळी पेटी उघडल्यावर दिसायला सगळं जागच्या जागी असतं.

मिरवणुकीत वाजवणारे आता कमी झाले, पण आहेत. लक्ष्मी रोडवर गुलाल आणि पाऊस एकत्र आला की दांड्यांमध्ये गुलाबी चिखल होतो. त्यावर ओलं फडकं मारायचं नाही. आधी वाळू द्यायचं, मग रंगकामाच्या मऊ, कोऱ्या ब्रशने कोरडं झटकायचं, मग फडकं. मामा विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत झोपायचा आणि उठल्यावर चहाच्या आधी ब्रश घेऊन बसायचा. मामी चिडायची.

तेल वर्षातून दोन-तीनदा, दांड्यांच्या सांध्यात, सुईच्या टोकावर मावेल एवढाच थेंब. शिलाई मशीनचं हलकं तेल चालतं, वाद्याचं खास तेल मिळालं तर उत्तम. खोबरेल नाही. डिसेंबरात बाटलीत खोबरेल थिजतं ते तुम्ही रोज सकाळी बघता, तेच दांड्यांमध्ये होणार. जास्तीचं तेल लगेच पुसा, पॅडच्या चामड्याला लागलं तर पॅड गेलं. पावसाळ्याच्या तोंडावर पोलादी स्प्रिंगांनाही तेलाचा पुसट हात फिरवते, कारण गंजून तुटतात त्या नेमक्या ऑगस्टमध्ये. ऐन कार्यक्रमात तुटली तर रबरबँड. की आणि जवळचा खांब यांना गुंडाळायचा, की परत जागेवर येते. माझ्या पेटीत रबरबँडची पुडी कायम असते, भाजीच्या जुडीची रबरंसुद्धा चालतात.

पावसाळ्यात पेटीच्या कोपऱ्यात सिलिका जेलच्या पुड्या ठेवते आणि वाजवून आल्यावर पेटी लगेच बंद करत नाही. घरातली मुलं मोठी आहेत, मांजर नाही, त्यामुळे अर्धा तास पंख्याखाली उघडी ठेवता येते. स्टँडवर मात्र रात्रभर नाही ठेवत. धूळ आणि येणारे-जाणारे, दोन्ही वाईट.

आता माळ्यावरच्या सॅक्सबद्दल. ऑर्केस्ट्रात वाजवते म्हणून ओळखीपाळखीतून कुणी ना कुणी विचारतंच: बाबांचा किंवा काकांचा सॅक्स वीस वर्षं माळ्यावर आहे, काय करू? पहिलं म्हणजे तो तोंडाला लावू नका. माउथपीस धुवा, जुन्या रीड फेका. दिवसाच्या उजेडात पेटी उघडून नमद्याकडे बघा. कसर लागलेली असते. लोकरीचे कपडे खाते तीच कसर पॅडचा नमदा आणि पेटीचं अस्तर खाते, आणि बंद, अंधारी, न वाजवलेली पेटी तिला फार आवडते. वाजत्या सॅक्सला कसर सहसा लागत नाही, रोज उघडझाप होते ना. पेटी व्हॅक्यूमने साफ करा, उन्हात पेटी ठेवा, सॅक्स नाही. अडकलेली की जोराने ओढू नका.

गळती स्वतः बघता येते. तपकीर गल्लीत एलईडीची पातळ पट्टी मिळते, सिलिकॉनच्या वेष्टणातली घ्या. ती नळीत सोडायची, खोलीत अंधार करायचा आणि एकेक की अगदी हलक्या बोटाने बंद करायची. भोकाच्या कडेने उजेडाची रेघ दिसली की तिथे हवा निसटते. दोन-चार जागी दिसली तर तेवढीच पॅड बदलून भागतं. सगळीकडे दिसली तर ओव्हरहॉल: सगळी पॅड, कॉर्क, तुटक्या-गंजक्या स्प्रिंगा. यूट्यूब बघून झाकण हाताने वाकवून गळती बंद करणारे असतात. त्यांचे सॅक्स मग दुरुस्तीवाल्याकडे दुप्पट खर्चाने जातात.

पुण्यात सॅक्सचं पॅडकाम मन लावून करणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके, म्हणून पुष्कळ जण मुंबईला धोबी तलावच्या बाजूला नेतात. आधी एकूण खर्च विचारा. स्वस्तातल्या नव्या सॅक्सच्या बाबतीत पॅडकाम वाद्याच्या किमतीच्या जवळ जातं, तिथे विचार करावा लागतो. जुना, भक्कम यामाहा किंवा सेल्मर असेल तर डोळे मिटून करून घ्या. आणि गणपतीच्या आधी महिनाभर कुणाकडे जाऊ नका, बँडवाल्यांची रांग असते.

माझ्या सॅक्सचा नेक सध्या बसवणीत किंचित सैल झालाय, स्क्रू आवळूनही हलतो. वरच्या सुरांना आत्ताच कळतंय. अनंत चतुर्दशी उरकली की नेते.